तेरावा दाब

नोकरी काय करायचा, असं कुणी विचारलं की मी सांगतो, आग पेटवायचो. चंद्रपुरात राहून आग पेटवायचा पगार घेतला म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग उन्हाकडे बोट दाखवतो. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी दोन वाजता डांबर चपलेला चिकटतं. अशा गावात आणखी एक आग कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. पण मी जी आग तीस वर्षं पाहिली ती पाहिली नाही त्याने आग पाहिलीच नाही, असं मी कुणालाही तोंडावर सांगायला तयार आहे.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. सगळे मला रामटेकेभाऊ म्हणायचे, प्राचार्यसुद्धा. आमचं काम असं. निकेलची भुकटी घ्यायची, ती करड्या रंगाची. ॲल्युमिनियमची घ्यायची, ती जरा चकचकीत. सोनाराच्या काळजीने दोन्ही तोलायच्या, बरणीत पोलादी गोट्यांबरोबर घालून तासन् तास फिरवायच्या आणि साच्यात भरून हातदाबाच्या यंत्राखाली दाबायच्या. अंगठ्याएवढी गोळी तयार होते. ती जाड काचेची खिडकी असलेल्या लोखंडी डब्यात उभी ठेवायची. डब्यातली हवा काढून टाकायची आणि आरगॉन भरायचा, म्हणजे काहीही जळू न देणारा वायू. गोळीच्या डोक्यावर टंगस्टनच्या तारेचं वेटोळं असतं. त्यात वीज सोडायची, वरचा भाग लाल झाला की वीज बंद करायची आणि हात मागे घ्यायचा.

त्यानंतर जे होतं ते मला शेवटच्या दिवसापर्यंत खरं वाटलं नाही. वरून एक पांढरीलाल रेघ निघते आणि आपली आपण खाली उतरत जाते. भट्टी नाही, लाकूड नाही, तेल नाही, हवासुद्धा नाही. दोन धातू एकमेकांत मिसळताना जी ऊब सुटते, तीच खालच्या थराला पेटवते, तो थर त्याच्या खालच्याला पेटवतो. चारपाच सेकंदांत रेघ तळाला पोचते आणि विझते. मागे राहतं ते निकेलही नसतं आणि ॲल्युमिनियमही नसतं. तिसराच पदार्थ असतो, कठीण आणि तापाला न घाबरणारा. कधीकधी ती रेघ सरळ न उतरता गोळीभोवती गोल फिरत उतरते. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी खिडकीपाशी तोंड उघडं ठेवून उभा होतो. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले आमचे सर म्हणाले, "रामटेकेभाऊ, श्वास घ्या."

काम झालं की नाही हे पाहायला मोठी यंत्रं आहेत, पण माझ्या खिशात एक लोहचुंबक असायचा. कच्च्या गोळीत निकेल असतं, तिला चुंबक धरतो. नीट जळलेल्या गोळीला धरत नाही. निकेल तिथेच आहे, कुठे गेलेलं नाही, पण ते आता निकेलसारखं वागत नाही. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच दाखवायचो. काही पोरं बघून घ्यायची आणि मोबाइल काढायची. काही मात्र चुंबक परत परत लावून पाहायची, तेव्हाच मला कळायचं की यातलं कोण पुढे टिकणार.

आमच्याकडे येणारे लोकही नाना तऱ्हेचे. एकदा वडशाचा एक नाटक कंपनीवाला आला. हिवाळ्यात आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा धुमाकूळ असतो आणि माझं गाव वडशाजवळच, म्हणून कुणीतरी त्याला माझ्याकडे धाडलं होतं. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "भाऊ, तुमच्याजवळ म्हणे आपोआप जळणारी आग हाये. आमाले चितेचा सीन कराचा हाये. भाड्यानं भेटन काय?"

मी म्हटलं, "भेटेल, पण चार सेकंद राहते."

त्याने खरोखर विचार केला. मग मान हलवून उठला. "चार सेकंदात आमचा हिरो मरत नाई, भाऊ. त्याले मराले अर्धा घंटा लागते."

दुसरी आठवण इतकी हसण्यासारखी नाही. ऐन श्रावणात बाहेरचे पाहुणे यायचे होते, आणि घाईत माझ्याकडून भुकटी वाळवायची राहिली. ॲल्युमिनियमच्या बारीक भुकटीला ओल चालत नाही. गोळी पेटली आणि आतल्या वाफेने फुटली. खिडकीच्या काचेला वरपासून खालपर्यंत तडा गेला. कुणाला लागलं नाही, पण पाहुण्यांतल्या एका बाईंच्या हातातला चहाचा कप निसटला होता, तो आवाज मला अजून आठवतो. तेव्हापासून काहीही बिघडलं की माझं पहिलं बोट ओलीकडे जायचं. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे त्याच बोटाने मला दोन महिने चुकीची वाट दाखवली.

आता रंजनाची गोष्ट सांगतो. त्यासाठीच लिहायला बसलो.

रंजना मडावी एटापल्लीकडची. घरची बोली गोंडी, गावात पीएचडीला बसलेली ती पहिलीच. ती एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवायची आणि बिनपगारी रजा काढून आमच्याकडे आली होती. तिचा विषय अवघड. तिच्या मिश्रणात निकेल जास्त आणि ॲल्युमिनियम कमी. असं मिश्रण मुळातच कमी तापट. पेटतं, पण जेमतेम. ते तळापर्यंत स्वतःच्या दमावर जाळून दाखवायचं, हे तिचं काम. पहिल्या दिवशी मी तिच्या हातात चुंबक दिला तर तिने तो तासभर परत केला नाही.

तिच्या गोळ्या मात्र विझायच्या. रेघ झोकात निघायची, मध्यापर्यंत यायची, मंद व्हायची आणि जायची. अर्धी गोळी नवी, अर्धी कच्ची. चुंबक एका टोकाला धरायचा आणि दुसऱ्या टोकाला सोडायचा. एक विझली, पाच विझल्या, दहा विझल्या. मी म्हटलं, ओल. आम्ही भुकटी वाळवली. डबे बदलले. आरगॉनची नळी बदलली. दोन महिने आम्ही त्या ओलीच्या मागे होतो आणि ओल कुठेच नव्हती.

एक दिवस ती उंची-जाडी बारकाईने मोजायचा व्हर्निअर हातात घेऊन माझ्या टेबलाशी आली. जरा घुटमळली. मग म्हणाली, "भाऊ, गोळी मोजली तर थोडी बुटकी भरून राह्यली. हिशोबापेक्षा जास्त दाबली गेल्यासारखी. तुम्ही किती दाब देता?"

इथे थोडं समजावून सांगायला हवं. आमच्या दाबयंत्राचा काटा फार वर्षांपूर्वी अडकला होता. नवा मागवायचा कागद दरवर्षी वर जायचा आणि वरच राहायचा. काटा चालू असताना कुणीतरी ठरवून ठेवलं होतं की दांडा बारा वेळा खाली ओढला म्हणजे अमुक टन दाब होतो. तेव्हापासून आमच्या कपाटातल्या प्रत्येक प्रबंधात तोच आकडा आहे. दाब मीच द्यायचो, दुसऱ्या कुणाला दांड्याला हात लावू द्यायचो नाही. त्याचं मला भूषण होतं.

"बारा," मी म्हटलं. आणि जरा घुश्शातच म्हटलं, "तीस वर्षं झाले बाई मी दांडा मारून राह्यलो. आता तू मोजून देशील काय?"

ती ओशाळली. "तसं नाई भाऊ," म्हणाली आणि व्हर्निअर घेऊन गेली. नंतर कळलं, तिने तो व्हर्निअर दुरुस्तीला पाठवला होता. माझ्यावर नाही, त्या बिचाऱ्या व्हर्निअरवर संशय घेतला.

त्या वर्षी माझी निवृत्ती आली. निवृत्तीच्याच महिन्याच्या शेवटी रंजनाची आढावा समिती होती. सरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, एक तरी गोळी तळापर्यंत जळालेली दाखवा, नाहीतर विषय बंद करावा लागेल. रजाही संपत आली होती. विषय बंद झाला असता तर ती एटापल्लीला परत गेली असती आणि पुन्हा आली नसती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तिच्या वहीत पानापानावर लिहिलेलं असायचं, माझी चूक शोधायची. पोरीने ते स्वतःसाठी लिहिलं होतं, मी चुकून वाचलं.

निरोप समारंभासाठी पोरांनी माझी एक फिल्म काढली होती. भुकटी तोलताना, साचा भरताना, दांडा ओढताना. संध्याकाळी घरी चहा पिता पिता मी ती बायकोला दाखवली. आमची पुष्पा धानाच्या घरची, मोजणं तिच्या रक्तात. फिल्ममध्ये मी दांडा ओढू लागलो तशी ती ओठांतल्या ओठांत मोजू लागली.

"तेरा," ती म्हणाली.

"बारा," मी म्हटलं.

"तेरा. परत लावा."

परत लावली. मी स्वतः मोजलं. बारा झाले, माझा हात दांड्यावरून सुटला, आणि मग काहीच नसल्यासारखा पुन्हा वर गेला आणि एकदा, सावकाश, अंगाचा भार देऊन खाली आला. तेरा. दुसरी गोळी पाहिली. तेरा. मोबाइल माझ्या हातात गरम झाला होता आणि चहा गार झाला होता.

मला कळलं ते काय होतं. माझे बाबा वडशाजवळ तीन एकर धान करायचे. कापणीला आलेल्यांना मजुरीचं धान मोजून द्यायचं काम त्यांचं. पायली भरायची, काठ सपाट करायचा, मोठ्याने आकडा म्हणायचा. ठरलेल्या पायल्या झाल्या की शेवटी ओंजळीत मावेल तेवढी एक मूठ वरून टाकायची. ती मोजायची नाही. लहानपणी मी एकदा ती मोजली तर बाबांनी दटावलं. मोजली की ती दिली असं होत नाही, म्हणाले. पुढे मीही पायलीला हात लावला आणि तसंच करत आलो. हाताला सवय लागली ती प्रयोगशाळेतही आली असणार. बारा मोजायचे आणि वरून एक द्यायचा. मला ते खोटं वाटलंच नाही, कारण तेरावा माझ्या मनात कधी आकडा नव्हताच.

तीस वर्षं चालून गेलं. जोरकस मिश्रणं होती, एका जास्तीच्या दाबाने त्यांचं काही बिघडत नव्हतं. रंजनाचं मिश्रण अशक्त. गोळी फार घट्ट झाली की कणाला कण असा चिकटतो की पेटलेल्या थराची ऊब पुढे पळून जाते, साठतच नाही. चुलीत लाकडं कोंबली की हवेवाचून विझतं. इथे उबेवाचून विझतं. आणि तो शेवटचा दाब सगळ्यात जड असतो. मी तिचं भलं करायला म्हणून, हात सैल न सोडता, रोज तिची आग दाबून मारत होतो.

मग मनात पाप आलं. ते लिहितो. मी विचार केला, उद्यापासून गुपचूप बारा देतो. गोळी जळेल, पोरगी खूश, समिती खूश, माझा समारंभ नीट होईल. कुणाला कळणार नाही. फिल्म पाहताना दाब कोण मोजतं?

पुष्पाने माझ्याकडे पाहिलं. तिला मिश्रणातलं काही कळत नाही, पण माझं तोंड कळतं. रंजना दोनदा घरी जेवून गेली होती. म्हणाली, "तिले सांगा. पोरगी सोताले दोष देऊन राह्यली. तुम्ही काऊन चूप बसता?"

खरं तेच होतं. गुपचूप बारा दिले असते तर तिच्या वहीत विझलेल्या गोळ्यांपुढेही बारा आणि जळालेल्यांपुढेही बारा राहिले असते. ती जन्मभर कारण शोधत राहिली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला फिल्म दाखवली. फक्त म्हटलं, मोज. तिने मोजलं. पुन्हा मोजलं. मग मोबाइल परत देऊन ती खिडकीकडे वळली. कॉलेजमागे मोहाचं झाड आहे, तिकडे.

"मी तुमाले इचारलं होतं, भाऊ," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मी माफी मागितली. ती बॅग उचलून गेली. त्या दिवशी मी प्रयोगशाळेत एकटा बसून होतो. तीस वर्षांत मला त्या खोलीची लाज वाटली नव्हती, ती त्या दिवशी वाटली. कपाटातले सगळे प्रबंध माझ्याकडे पाठ करून उभे होते आणि प्रत्येकाच्या पोटात माझा एकेक खोटा बारा होता.

पुढच्या दिवशी मी नेहमीच्या वेळेला गेलो तर दार उघडं. रंजना आधीच आलेली. विझलेल्या गोळ्यांचा खण तिने टेबलावर रिकामा केला होता. सव्वीस होत्या. तिने त्या पट्टीला टेकवून एका ओळीत उभ्या लावल्या होत्या, जळालेली बाजू वर.

"भाऊ, इकडे या," ती म्हणाली. "दरवेळी तेरा दिले ना? एकदाबी बारा नाई?"

"नाही."

"एकदाबी चौदा नाई?"

"नाही गं."

"मंग हे पाहा."

मी चष्मा पुसून पाहिलं. प्रत्येक गोळीवर जिथे आग मेली तिथे एक हद्द असते, वर काळपट आणि खाली करडं. सव्वीस गोळ्या, सव्वीस हद्दी. वेगवेगळ्या महिन्यांत दाबलेल्या, उन्हाळ्यात, पावसाळ्यात. आणि सगळ्या हद्दी मिळून एकच सरळ रेघ झाली होती. पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत, आखल्यासारखी. केसाएवढा फरक असेल नसेल.

ही आग इतकी शहाणी आहे हे मला माहीत नव्हतं. माणसाने किती जोर लावला हे तिने नेमकं ओळखलं होतं आणि सव्वीस वेळा त्याच जागी थांबून सांगितलं होतं. आम्हाला ऐकू आलं नव्हतं.

"यंत्राचा काटाबी इतका सारखा चालत नाई," रंजना म्हणाली. "तुमचा हात चुकला भाऊ, पण हलला नाई. आता माझ्याजवळ तेराचा आकडा पक्का हाये. बारा पाहू, अकरा पाहू. कुठी विझते, कुठी जाते, सगळं लिहिते."

मी म्हटलं, आता तू दाब. तिने मान हलवली. "नाई. तुम्हीच. मी मोजते."

साचा भरला. मी दांडा धरला. ती मोठ्याने मोजू लागली, बाबा पायली मोजायचे तशी. दहा. अकरा. बारा. माझा हात सुटला आणि मला न विचारता पुन्हा वर निघाला. आधी असा तो हजारो वेळा गेला असेल, मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. मी तो हवेत थांबवला. खूप जड वाटला. काहीतरी अर्धवट दिल्यासारखं, कुणाला उपाशी उठवल्यासारखं वाटत होतं.

"झालं भाऊ," रंजना हळूच म्हणाली. मी हात खिशात घातला.

गोळी डब्यात गेली. आरगॉन भरला. वीज सोडली, वीज काढली. रेघ निघाली. मध्यावर आली तशी आम्ही दोघेही खिडकीला नाक लावून. तिथे ती मंद झाली. मला वाटलं गेली. पण ती गेली नाही. एका बाजूने जरा पुढे सरकली, मग दुसऱ्या बाजूने, आणि गोळीभोवती गोल फिरत, वाट चाचपडत, खाली उतरू लागली. किती सेकंद झाले मी मोजले नाहीत. ती तळाला पोचली, एकदा उजळली आणि शांत झाली.

गार झाल्यावर रंजनाने चुंबक घेतला. वर लावला, मध्ये लावला, तळाला लावला. तिन्ही ठिकाणी तो नुसता घसरला. "धरत नाई, भाऊ," ती म्हणाली आणि तिथेच स्टुलावर बसून रडू लागली. मीही डोळे पुसले.

समितीसमोर तिने काहीही लपवलं नाही. सव्वीस गोळ्यांची ओळ तशीच उचलून नेली. समितीतले एक वयस्कर गृहस्थ त्या रेघेवरून बोट फिरवत राहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. विषय चालू राहिला. मी निवृत्त झालो. त्यानंतर दोन महिन्यांनी दाबयंत्राला नवा काटा आला, हे आमच्या कॉलेजच्या रीतीला धरूनच झालं.

मागच्या महिन्यात रंजनाचा बांधलेला प्रबंध टपालाने घरी आला. मला इंग्रजी बेताचं येतं, पण तक्ते वाचता येतात. एका तक्त्यात दाबांचे आकडे एकाखाली एक आहेत. दहा, अकरा, बारा. त्यांच्या खाली तेरा. इतक्या वर्षांत कुठल्याही कागदावर तेरा लिहिला गेला नव्हता. पुष्पाने त्यावर बोट ठेवून विचारलं, याच्यापुढे काय लिहिलं आहे? मी वाचून दाखवलं. बाबांची वरची मूठ अखेर कुणीतरी मोजली होती, आणि तिच्यापुढे लिहिलं होतं: नमुने सव्वीस, सर्व अर्ध्यावर विझले.